अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: २२४३ किलोमीटरांचा हिशेब

लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि अंदमानातलं पोर्ट ब्लेअर या दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर २२४३ किलोमीटर आहे. जेट विमानाला तेवढ्यासाठी सव्वातीन तास पुरावेत. प्रत्यक्षात मला आणि बाबांना एका धावपट्टीवरून दुसऱ्या धावपट्टीवर पोचायला एक दुपार, एक रात्र आणि एक पहाट लागली. या दोन आकड्यांमध्ये एवढी तफावत का पडते हे शोधण्यात आमचे पुण्यातले कितीतरी रविवार गेले, आणि ते रविवार मला प्रवासाइतकेच मोलाचे वाटतात. म्हणून सगळं हिशेबासकट लिहून ठेवते आहे.

बाबा भूगोलाचे शिक्षक. पेठेतल्या शाळेत त्यांनी नोकरीभर प्रमाणवेळ शिकवली: ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्त, मिर्झापूर, एका अंशाला चार मिनिटं. फळ्याच्या डाव्या टोकाला लक्षद्वीप, उजव्या टोकाला अंदमान, मधे उभी रेघ. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य मात्र आपापल्या वेळेला उगवतो, हे ते आकृती काढून दाखवत. ही दोन्ही टोकं त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, ते म्हणाले, "अगं, आता जमेल तोवर जाऊन येऊ. पण एकाच फेरीत. मधे पुण्याला परत यायचं नाही."

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला एवढी दगदग झेपेल का? दोन वेगळ्या सहली करू ना."

"मधे महिना गेला तर सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती उत्तरेला-दक्षिणेला आहे तो कोन, बदलते. मग दोन्हीकडच्या सूर्योदयांची तुलना करायची कशी? चार-पाच दिवसांच्या आत दोन्ही ठिकाणी उभं राहायला पाहिजे."

म्हणजे प्रश्न सहलीचा उरलाच नाही. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कमीत कमी वेळात कसं जायचं, हा मुद्दा झाला.

बाबांनी सुरुवात पृथ्वीगोलापासून केली. अप्पा बळवंत चौकातून फार पूर्वी आणलेला तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल आमच्याकडे आहे. त्यावर त्यांनी शिवणाचा दोरा अगत्तीपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत ताणून धरला आणि डिव्हायडरने मोजला. पाच सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे साधारण ४२ किलोमीटर. त्यामुळे उत्तर २२०० किलोमीटरच्या वर येणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. दोरा ताणून धरला की तो आपोआप बृहत् वृत्तावर बसतो, म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधल्या सर्वांत जवळच्या वाटेवर. नकाशावर पट्टी ठेवून हे साधत नाही, कारण सपाट कागदावर येताना गोल कुठेतरी ताणला गेलेला असतोच.

मग वही उघडली. अगत्तीचा विमानतळ १० अंश ४९ मिनिटं उत्तर, ७२ अंश ११ मिनिटं पूर्व. पोर्ट ब्लेअरचा ११ अंश ३८ मिनिटं उत्तर, ९२ अंश ४४ मिनिटं पूर्व. आकडे लिहून होताच बाबा थांबले. त्यांनी दोन्ही रेखांशांची ८२ अंश ३० मिनिटांशी वजाबाकी केली. अगत्ती पश्चिमेला १० अंश १९ मिनिटं, पोर्ट ब्लेअर पूर्वेला १० अंश १४ मिनिटं. फरक अवघ्या पाच मिनिटांचा, म्हणजे रेखांशातली पाच मिनिटं, सुमारे नऊ किलोमीटर. प्रमाणवेळेच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना हे दोन विमानतळ जवळजवळ समान अंतरावर आहेत! फळ्यावर ते दोन्ही टोकं सारख्या अंतरावर काढत ते आकृती नीटस दिसावी म्हणून. खऱ्या आकड्यांतही ती तशीच निघाल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

अंतराचं गणित इथे सोपं आहे, कारण दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताच्या जवळ आहेत आणि अक्षांश जवळपास सारखे आहेत. पद्धत सांगते, दहावीचं गणित झालेल्या कुणालाही घरी करता येईल. रेखांशातला फरक २० अंश ३३ मिनिटं. विषुववृत्तावर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात, पण उत्तरेकडे सरकलं की रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. सरासरी अक्षांश ११ अंश १४ मिनिटं, त्याचा कोसाइन ०.९८१. पूर्व-पश्चिम अंतर आलं २२४२ किलोमीटर. अक्षांशातला फरक ४९ मिनिटं, म्हणजे उत्तर-दक्षिण ९१ किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण पायथागोरसने काढला तर २२४४. ते उत्तरेकडचे ९१ किलोमीटर कर्णात दोन किलोमीटरचीसुद्धा भर घालत नाहीत, हे बाबांनी वहीत मुद्दाम अधोरेखित केलं. मुलं नेहमी दोन्ही बाजूंची बेरीज करून मोकळी होतात, असं त्यांचं म्हणणं.

मी तेच लॅपटॉपवर हॅवरसाइनच्या सूत्राने काढलं, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून. उत्तर २२४३. वही आणि लॅपटॉप यांच्यात एका किलोमीटरचा फरक! पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे हे लक्षात घेतलं तर आणखी दोन-तीन किलोमीटर वाढतात, पण विमानप्रवासात तेवढ्याला अर्थ नाही. उतरण्याआधी विमान एक घिरटी घालतं त्यातच त्याहून जास्त जातात. समुद्री मैलांत हेच अंतर १२११ येतं. वैमानिक आणि खलाशी मैलांत बोलतात ते सोयीचं म्हणून: बृहत् वृत्तावरचं एक मिनिट म्हणजे एक समुद्री मैल, १८५२ मीटर. कोन कळला की अंतर कळलंच.

ही वाट कुठून जाते तेही आम्ही नकाशावर उतरवलं, आणि मला हा सगळ्यांत आवडलेला भाग. अगत्तीहून निघालेली रेघ कोळिकोडच्या थोडी दक्षिणेला केरळचा किनारा गाठते, सह्याद्री ओलांडते, कोईमतूर शहराच्या जरा उत्तरेवरून सरकते आणि तिरुचिरापल्लीला दक्षिणेला ठेवून चिदंबरमजवळ, कोल्लिडम नदीच्या मुखापाशी बंगालच्या उपसागरात उतरते. मग थेट अंदमानपर्यंत पाणीच पाणी. रेघेचा मध्यबिंदू किनाऱ्यापासून बराच पूर्वेला, समुद्रात पडतो, आणि अर्थातच तो ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. बृहत् वृत्त मध्यावर सपाट नकाशावरच्या रेघेपेक्षा फक्त वीसेक किलोमीटर उत्तरेला झुकतं. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी वाट पार उत्तरेला कमान टाकते, ती उंच अक्षांशांमुळे. अकरा अंशांवर कमान अगदी माफक.

आता वेळ. अंतर कळल्यावर वेळ काढताना बरेच जण अंतराला विमानाच्या वेगाने भागतात, आणि उत्तर नेहमी कमी येतं. तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणं आलं, चढणं-उतरणं आलं, आणि या दोन्हीत विमान पूर्ण वेगात नसतं. मी बऱ्याच देशांतर्गत मार्गांच्या वेळा ताडून पाहिल्या. जेटसाठी ताशी ८०० किलोमीटर धरून वर अर्धा तास घातला की उत्तर पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळतं. पुणे-कोची ९७५ किलोमीटर. सूत्राने पावणेदोन तास, वेळापत्रकातही तेवढेच किंवा थोडे जास्त. चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७३ किलोमीटर. सूत्राने सव्वादोन तास, वेळापत्रकातही तेच. या हिशेबाने अगत्ती-पोर्ट ब्लेअर तीन तास अठरा मिनिटं.

पण तसं विमानच नाही. आणि ते का नाही, याचं उत्तर अंतरात नसून धावपट्टीच्या लांबीत आहे.

अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला जमिनीची जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर ती बसवली आहे. दोन्ही बाजूंना समुद्र, आणि पुढे कल्पिट्टी नावाचं इवलंसं निर्जन बेट. आपल्या लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटर आहे, आणि तिचीही लांबी वाढवा म्हणून पुण्यात वर्षानुवर्षं मागणी चालू आहे. पोर्ट ब्लेअरची सव्वातीन किलोमीटर. एअरबस ए३२० सारखं जेट भरल्या वजनाने सव्वा किलोमीटरवर उतरवता-उडवता येत नाही. तिथे चालतं ते पंख्यांचं, सत्तरेक प्रवाशांचं एटीआर ७२. हे विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं आणि पूर्ण प्रवासी घेऊन साधारण दीड हजार किलोमीटरच्या आतच झेपावतं. म्हणजे जे विमान अगत्तीला उतरू शकतं ते पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचू शकत नाही, आणि जे पोर्ट ब्लेअरपर्यंत सहज पोचेल ते अगत्तीला उतरू शकत नाही. प्रवासी कमी असतात म्हणून थेट विमान नसेल, असं मला आधी वाटत होतं; तेही कारण असेल, पण उद्या विमानभर माणसं तयार झाली तरी आजच्या धावपट्टीवर ते जमणार नाही. ती वाढवण्याच्या योजनांची चर्चा अनेक वर्षं आहे. प्रवाळबेटावर समुद्रात भर घालून पट्टी लांबवायची तर त्याची किंमत प्रवाळाला मोजावी लागते, आणि ज्यासाठी लोक तिथे जातात ते प्रवाळच. माझं स्पष्ट मत आहे की तीन विमानं बदलावी लागली तरी चालतील.

तर तीन विमानं. अगत्ती-कोची ४६८ किलोमीटर, कोची-चेन्नई ५१८, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७३. बेरीज २३५९. ही बेरीज झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघंही वहीकडे बघत राहिलो. सरळ रेघ २२४३, आणि दोन ठिकाणी उतरून वळसा घेत गेलं तरी २३५९. जेमतेम ११६ किलोमीटर जास्त, म्हणजे पाच टक्के. कारण कोची आणि चेन्नई त्या रेघेच्या दोन बाजूंना, पण तिला धरूनच आहेत. बंगळूरमार्गे गेलं तरी पावणेपंचवीसशेच्या आत भागतं. उडण्याची वेळ? सव्वा तास, सव्वा तास, सव्वादोन तास. पावणेपाच. थेट विमान असतं त्यापेक्षा फक्त दीड तास जास्त. म्हणजे वळसाही वेळ खात नाही. वेळ खातात दोन उड्डाणांमधली भोकं.

आम्ही वेळापत्रकं पाहिली तेव्हा चित्र असं होतं: अगत्तीचं विमान दिवसाउजेडी येतं आणि दुपारच्या आत परत निघतं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरची सोयीची विमानं पहाटे आणि सकाळी. अगत्तीहून निघालेला माणूस चेन्नईला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि त्या दिवसाचं पोर्ट ब्लेअर हातचं गेलेलं असतं. म्हणजे चेन्नईत रात्र काढणं आलंच. बुकिंगच्या साइट्सवर अगत्ती ते पोर्ट ब्लेअर असं थेट टाकलं तर कधी दिल्लीमार्गे, कधी कोलकात्यामार्गे अशा वाटा समोर येत. कोलकात्याहूनही पोर्ट ब्लेअर तेराशेच किलोमीटर आहे, पण कोलकात्यापर्यंत जायचं कशाला? मी तिन्ही तिकिटं वेगवेगळी काढली.

वाऱ्याचा प्रश्न बाबांच्या डोक्यातून जात नव्हता. शेजारच्या इमारतीतले एक काका सिमला ऑफिसातून निवृत्त झालेत. (शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कचेरीला पुण्यात अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात, खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं तेव्हापासून.) ते एका रविवारी आले आणि चहा गार होईपर्यंत बोलत राहिले. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट प्रवाह म्हणतात तो. त्यामुळे तिकडे पूर्वेला जाणारी विमानं लवकर पोचतात आणि पश्चिमेला येणारी रेंगाळतात. पण अकरा अंशांवर त्याचा जोर पोचत नाही. उलट पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा असतो, आणि त्याचा शोध १९५० च्या दशकात आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी मांडला, हे सांगताना काकांचा आवाज बदलला. "म्हणजे पावसाळ्यात पोर्ट ब्लेअरला जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर?" बाबांनी विचारलं. "बरोबर. पण किती, ते काढा."

काढलं. विमानाचा वेग ताशी ८३० धरला आणि समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा, तर चेन्नई-पोर्ट ब्लेअरचा हवेतला वेळ ९९ मिनिटांऐवजी १०५ ते १०६ मिनिटं होतो. सहा-सात मिनिटं. येताना तेवढीच वाचतात. पंख्यांच्या विमानाला हेच जास्त जाणवतं, कारण त्याचा स्वतःचाच वेग कमी. पण आम्ही फेब्रुवारी निवडला होता. आकाश स्वच्छ असण्याची शक्यता जास्त आणि समुद्र शांत.

लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, अंदमानात पोर्ट ब्लेअरला जायला लागत नाही. परवान्यासाठी पोलीस पडताळणी आणि बेटावरच्या यजमानाची कागदपत्रं लागली. तिकिटांच्या आधी परवान्याला हात घाला, एवढंच यावर सांगते.

पुण्याहून कोची, तिथे नेडुंबासेरीला विमानतळाजवळ मुक्काम, आणि सकाळी एटीआर. बाबांना खिडकी मिळाली. त्यांच्या हातात लहान वही आणि मनगटी घड्याळ; चाकं जमीन सोडतात तो क्षण आणि टेकतात तो क्षण, दोन्ही ते लिहिणार होते. उतरताना खाली आधी गडद निळं पाणी, मग एकदम फिकट हिरवं, मग पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर विमान टेकलं. ब्रेक लागला तेव्हा सगळे पुढे झुकले. विमान थांबलं तेव्हा खिडकीतून पट्टीचं टोक आणि त्यामागचा समुद्र एकाच चौकटीत दिसत होते. धावपट्टीबद्दल वहीत केलेली सगळी चर्चा त्या एका दृश्यात होती.

अगत्तीच्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, ते वेगळं लिहिण्यासारखं आहे. सूर्योदयाची नोंद मात्र सांगते. बेट इतकं अरुंद की पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्योदय पाहून पश्चिमेच्या लगूनवर सूर्यास्ताला चालत जाता येतं. सूर्य सकाळी सातच्या सुमारास वर आला. संध्याकाळी पावणेसातनंतरही उजेड रेंगाळत होता. बाबांनी वेळा सेकंदांसकट लिहिल्या.

मग तो बेट ते बेट प्रवास. अगत्तीहून विमान वेळेवर निघालं, दुपारच्या जरा आधी. सामानाची मर्यादा लहान विमानात कडक असते. आम्ही पुण्यातच बॅगा वजन करून भरल्या होत्या, त्यामुळे काउंटरवर काही उघडावं लागलं नाही. कोचीला उतरल्यावर सामान घेऊन पुन्हा चेक-इन. तिथे हाताशी चांगले चार तास होते. बाबा बाकावर पाय पसरून झोपले आणि मी विमानतळावर इडली-चहा असं काहीबाही खात बसले. संध्याकाळी चेन्नई. विमानतळासमोरच तिरुसूलमचं लोकल स्टेशन आहे, त्याच भागात खोली घेतली होती, म्हणजे पहाटे शहरातून येण्याची धास्ती नको. दहीभात खाऊन नऊला झोपलो, आणि मध्यरात्रीनंतर काही तासांत पुन्हा टर्मिनलवर.

चेन्नई सोडल्यावर काही मिनिटांतच किनारा मागे पडला, आणि मग बाबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर पूर्वेला सूर्य वर येत होता आणि आम्ही त्याच्याच दिशेने चाललो होतो. "आपण जातोय म्हणून तो लवकर वर येतोय," ते म्हणाले. पूर्वेकडे ताशी आठशेने निघालेल्या विमानात दर मिनिटाला तेराहून जास्त किलोमीटर मागे पडतात, म्हणजे रेखांशाची सात मिनिटं, म्हणजे सूर्याच्या घड्याळात जवळजवळ अर्धं मिनिट. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर एवढ्या प्रवासात सूर्य घड्याळापेक्षा पन्नास मिनिटं पुढे निघून जातो. प्रमाणवेळ त्यांनी इतकी वर्षं जमिनीवर उभं राहून शिकवली होती.

अंदमानची हिरवी बेटं दिसायला लागली आणि विमान वीर सावरकर विमानतळावर उतरलं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, पण रिक्षावाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे अजून जुनंच नाव घेतात, म्हणून मीही तेच वापरते आहे. बाबांच्या वहीप्रमाणे तिन्ही उड्डाणांत विमान प्रत्यक्ष हवेत असण्याचा वेळ चार तासांच्या थोडा वर भरला. अगत्तीची पट्टी सोडल्यापासून पोर्ट ब्लेअरची पट्टी टेकेपर्यंतचा एकूण वेळ एकवीस तासांच्या आसपास. २२४३ किलोमीटरला त्याने भागलं तर ताशी शंभरच्या थोडं वर येतं, म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गाडीला जी वेगमर्यादा आहे साधारण तेवढीच. बाबांनी हा भागाकार दोनदा केला आणि वही माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कॉर्बिन्स कोव्हला गेलो. पावणेसहाच्या आत सूर्य वर. क्षितिजावर ढगाची पातळ पट्टी होती, त्यामुळे एखाद-दोन मिनिटांची हमी देता येत नाही, पण अगत्तीच्या नोंदीशी फरक एक तास एकवीस मिनिटांचा आला. २० अंश ३३ मिनिटांना चाराने गुणलं तर ८२ मिनिटं. उरलेल्या मिनिटाचं स्पष्टीकरण बाबांनी तिथेच वाळूवर बसून दिलं: पोर्ट ब्लेअर थोडं उत्तरेला आहे, आणि फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेला असल्यामुळे तिथला दिवस किंचित लहान, म्हणून सूर्योदय जरा उशिरा. त्या संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळलाही. अगत्तीला त्या वेळी लोक दुपारचा चहा घेत असतील.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर क्रम आमच्या उलट ठेवा: आधी पोर्ट ब्लेअर, मग अगत्ती. आम्हाला परवान्याच्या तारखांमुळे पश्चिमेकडून सुरुवात करावी लागली. या साखळीतला सगळ्यांत नाजूक दुवा अगत्तीचं लहान विमान आहे. वारा किंवा पाऊस बिघडला की ते रद्द होतं, आणि दुसरं लगेच मिळत नाही. ते शेवटी आलं तर तुम्ही कोचीला एक दिवस उशिरा पोचाल, आणि कोचीहून पुण्याला यायला विमानही आहे आणि रेल्वेही. ते मधे आलं तर चेन्नईची खोली आणि पोर्ट ब्लेअरचं तिकीट, दोन्ही हातची जातात, कारण तिकिटं वेगवेगळी असली तर एक चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मधेच ठेवावं लागलं तर अगत्ती आणि चेन्नई यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडा आणि तो कोचीत घालवा. आम्ही तसा सोडला नव्हता, विमान वेळेवर निघालं म्हणून निभावलं. आणि ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर चेन्नईचा मुक्काम विमानतळाच्या समोरच घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.